तात्या निरखे आणि पाण्यावरची स्कूटर

देवासच्या कारखान्यात तात्या निरख्यांनी एकतीस वर्षं फिटरची नोकरी केली आणि २००२ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा कंपनीची होती, निवृत्ती तात्यांची. पुढच्या चार महिन्यांत घरातल्या एकाही बिजागरीची खैर राहिली नाही. चांगला चालणारा मिक्सर तीनदा उघडला गेला. शिलाई मशीनला त्यांनी इतकं तेल पाजलं की शशिकलाबाईंच्या दोन नव्या ब्लाउजांवर डाग पडले.

शशिकलाबाईंनी आयुष्यात पुष्कळ व्रतं केली होती, पण रिकामा नवरा दिवसभर घरात सांभाळणं त्यांतल्या एकाही व्रतात बसत नव्हतं. पुण्याहून नीलेश, त्यांचा मुलगा, दर रविवारी फोन करून म्हणे, आता कायमचे इकडेच या. शेवटी शशिकलाबाईंनी हो म्हटलं. अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्याची तिकिटंसुद्धा नीलेशने काढून टाकली.

तात्यांना हे पसंत नव्हतं. पुण्याला तिसऱ्या मजल्यावर माणूस करतो काय? बेल वाजली की दार उघडतो. त्यांना मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप काढायचं होतं.

"एक तरी काम येऊ द्या आणि ते तडीस जाऊ द्या," शशिकलाबाई म्हणाल्या. "मग मी पुण्याचं नाव काढणार नाही. नाही तर मुकाट्याने बॅग भरायची."

काम आलं ते मेटाडोरवर चढून, धारहून. उदाजीराव हे तिथल्या शाळेतले व्यायामशिक्षक. पूर्वज संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. हुद्दे गेले, शौक तेवढे उदाजीरावांच्या वाट्याला आले. त्यांनी गोव्याहून एक जुनी वॉटर स्कूटर आणली होती, पाण्यावर मोटरसायकलसारखी बसून पळवायची. ती धरमपुरीला नर्मदेत उतरवायचं त्यांचं स्वप्न होतं. पण खाऱ्या पाण्याने इंजिनाच्या फ्लायव्हीलमधली, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकातली, लोहचुंबकं सुटली होती. मूळ कंपनीचं चाक मिळेना, म्हणून त्यांनी दुसऱ्याच कंपनीचं, वजनाला हलकं, असं नवं चाक मागवलं होतं.

"इंदूरच्या दोन मेकॅनिकांनी हात जोडले, तात्यासाहेब," उदाजीराव म्हणाले. "तुम्ही कोशिश तर करून बघा."

तात्यांनी असलं वाहन जन्मात पाहिलं नव्हतं. पण इंजिन ते इंजिन, जमिनीवर असो की पाण्यात. त्यांनी बाह्या सरसावल्या.

आता निरख्यांच्या घरात नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नसत. स्कूटरपासून स्क्रूड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं. चाकाची पूजा करताना मात्र तात्यांमधला फिटर जागा झाला. चाकाच्या कडेपासून स्पार्क देणारी कॉइल अगदी कागदाइतक्या अंतरावर असते. तिथे कुंकवाचा कण नको. म्हणून त्यांनी तेलात कालवलेलं कुंकू चाकाच्या मधल्या भोकात, आतून, एक बोट लावलं. कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी बेअरिंग बसवण्याआधी शाफ्टला तेलाचा हात दिला होता. तेलाने कुणाचं वाईट होतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

चाक बसलं. इंजिन तापू नये म्हणून नळाची रबरी नळी त्याला जोडून तात्यांनी बटण दाबलं. इंजिन असं खणखणीत सुरू झालं की शेजारचे अण्णा कंपाउंडवरून डोकावून म्हणाले, "वा भिया, काय आवाज आहे." अण्णांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आतून खाड्कन आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा बटण दाबलं की ते उलटा झटका देई आणि धूर ओकी.

तात्यांनी एकेक गोष्ट तपासली. पेट्रोल येत होतं. प्लगला स्पार्क होता. कॉइल आणि चाक यांच्यातलं अंतर पत्तीने मोजलं, तेही बरोबर. मग चाक काढायला पुलर लावला, आणि जे चाक हातोड्याचा ठोका खाल्ल्याशिवाय सुटू नये ते डब्याच्या झाकणासारखं हातात आलं. शाफ्ट आणि चाक यांच्या खाचेत एक अर्धचंद्राच्या आकाराची छोटी पोलादी चावी असते. ती मधोमध कापली गेली होती. चाक जागेवरून सरकलं, म्हणून स्पार्क भलत्या वेळी पडत होता.

"चावी कच्ची निघाली," तात्यांनी निदान केलं आणि चांगल्या पोलादाची नवी चावी कानशीने घासून तयार केली. मनात मात्र आणखी एक निदान होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मागच्या खेपेला घाईत एकच बोट टेकवलं, पूजा कमी पडली. या वेळी त्यांनी भोकात तेल-कुंकवाचं चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं, चार ठिपक्यांसकट.

या वेळी इंजिन दीड मिनिटच चाललं.

उदाजीराव भला माणूस. फोनवर हे ऐकूनही त्यांनी आवाज चढवला नाही. "राहू द्या तात्यासाहेब," ते म्हणाले. "परवा गाडी पाठवून स्कूटर घेऊन जातो. तुम्ही मेहनत केलीत, बस." तात्यांना वाटलं, याच्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरात शशिकलाबाईंनी माळ्यावरच्या मोठ्या बॅगा खाली काढल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चहा घेऊन शेडमध्ये आल्या, तेव्हा तात्या उघड्या शाफ्टसमोर स्टुलावर बसले होते. चाक हातात, चावीचे दोन तुकडे समोर.

"शाफ्टच गंजलाय," ते म्हणाले. "बघ, लाल झालाय. गंजलेल्या शाफ्टवर चाक कसं धरणार? माझा काही दोष नाही."

शशिकलाबाईंनी कप खाली ठेवला, शाफ्टवरून बोट फिरवलं आणि उजेडात धरलं.

"हा गंज नव्हे. गंज खरखरीत लागतो, हे तर तेलकट लागतंय. हे माझ्या करंड्यातलं कुंकू आहे."

तात्यांनी हातातलं चाक खाली ठेवलं.

"तुम्ही आत तेल घातलंत?"

"पूजा केली," तात्या पुटपुटले.

"पोळीच्या डब्याला आतून तूप लागलं की झाकण घट्ट बसत नाही, हे एवढ्या मोठ्या फिटरला मी सांगायचं?"

तात्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा शाफ्ट बेअरिंगच्या शाफ्टसारखा सरळ नव्हता, टोकाकडे निमुळता होता. निमुळत्या शाफ्टवर चाक धरून ठेवतो तो कोरड्या धातूला कोरडा धातू. चावी बिचारी नुसती जागा दाखवते. तेलाने चाक निसटत होतं आणि सगळा भार त्या नखाएवढ्या चावीवर येत होता. आणि तात्या दर खेपेला भक्तिभावाने तेल वाढवत होते. ते इतके हसले की ठसका लागला. शशिकलाबाईंनी पाठीवर थापट्या मारल्या, मग त्याही हसायला लागल्या.

त्या संध्याकाळी शाफ्ट आणि भोक दोन्ही पेट्रोलने धुतली गेली. शशिकलाबाईंनी जुन्या सुती पातळाचा मऊ तुकडा दिला, त्याने ती कोरडी ठणठणीत पुसली. नवी चावी बसली, नट कंपनीच्या कागदात लिहिलं होतं तेवढाच आवळला गेला. वरचं झाकण लागल्यावर शशिकलाबाईंनी त्या झाकणाला, बाहेरून, कोरडं कुंकू लावलं. इंजिन पाच मिनिटं न अडखळता चाललं, आणि तात्यांनीच ते हाताने बंद केलं.

दोन दिवसांनी सगळे धरमपुरीला. उदाजीरावांनी स्कूटर नर्मदेत लोटली, एक फेरी मारली आणि परत आले ते पोरासारखे ओरडतच. मग तात्या बसले. मग शशिकलाबाईंनी पदर खोचला, साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हळू चालवा हं." तात्यांनी अजिबात हळू चालवली नाही. दोघं भिजून काठाला लागले तेव्हा घाटावरचे नावाडी टाळ्या वाजवत होते, आणि तात्यांना एकतीस वर्षांत झाला नव्हता एवढा आनंद झाला होता. त्या नावाड्यांतला तुकाराम पुढे आला. "बाबूजी, हमारी नाव का इंजन भी बहुत धुआँ देता है. कभी देख लोगे?" तात्या म्हणाले, बघू.

शशिकलाबाई ओल्या साडीनेच घाटावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरल्या आणि त्यांनी पुण्याचा नंबर लावला. तात्या दारात उभे राहिले.

"नीलेश, ती तिकिटं रद्द कर. बाबांना सवड नाही." थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या. "अरे, कामं किती आलीत म्हणून सांगू. लोक रांग लावून राहिलेत. दोन-तीन वर्षं तरी त्यांना डोकं वर काढता येणार नाही."

तात्या चपापले. त्यांच्या हातात त्या घडीला एकच काम होतं, तेही अजून नक्की न झालेलं. पण चौतीस वर्षांच्या संसारात शशिकला मुलाशी खोटं बोललेली त्यांनी कधी ऐकली नव्हती. आता तिचा शब्द खरा करायचा तर उरलेली कामं मिळवणं भागच होतं. ते वळले आणि तुकारामची नाव कुठे लागली आहे ते बघायला लगबगीने घाट उतरू लागले.