सरांच्या परसात माझा बाप

सरांच्या परसात माझा बाप उकिडवा बसून मासे साफ करत होता. आत दिवाणखान्यात परीक्षक, माझे मार्गदर्शक सर, विभागातली मंडळी. माझ्याबरोबरच्या एका मुलाची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा त्या दुपारी पार पडली होती. आमच्याकडे रीतच आहे, परीक्षकांच्या जेवणाचं विद्यार्थ्यांनी बघायचं. सरांच्या स्वयंपाकघरात मासा चालत नाही, म्हणून चूल परसात. आणि आम्ही भोई, म्हणून मासे माझ्या बापानं आणायचे, त्यानंच कापायचे. कुणी विचारलं नाही. गृहीतच धरलं.

माझी प्रयोगशाळा लातूरला. ते शहर त्याला नवं नव्हतं. माझ्या प्रयोगाला जिवंत मासा लागतो. मेलेल्या माशात गुणसूत्रं नीट सापडत नाहीत. बाप मन्याड नदीत शिंगटे मासे धरायचा, भोकं पाडलेल्या कॅनमध्ये घालायचा आणि मुखेडहून अहमदपूर, अहमदपूरहून लातूर असा एस.टी.नं यायचा. वाटेत पाणी बदलायचा. कंडक्टरच्या शिव्या खायचा.

शिंगट्याच्या दोन जाती मी ताडून बघत होते. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. गुणसूत्रांची संख्याही तीच. फरक दिसला तो डीएनएच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांत. एकीत ते गुणसूत्रांच्या टोकांशी जमलेले, दुसरीत मधल्या भागात. लोक या तुकड्यांना कचरा म्हणायचे. तो कचरा नाही, हे मला सरांनीच शिकवलं. फळ्यावर चित्रं काढून, तास संपला तरी थांबून. मी त्यांना फार मानत होते.

त्या दिवशी मी भाकरी वाढत होते. परीक्षकांनी माझा विषय विचारला. सरांनी परसाकडे हात केला आणि म्हणाले,

"रिपीट डीएनए. म्हणजे हे लोक बघा. पिढ्यान् पिढ्या तेच ते. उपयोग काही नाही, संख्या मात्र वाढतेय."

सगळे हसले. दारात रिकामी परात घेऊन बाप उभा होता. तोही हसला.

रात्री स्टँडवर त्याला सोडायला गेले. म्हणाला, "सर लई मोकळ्या मनाचे हायेत. आपल्यासमोर हासतेत."

मी त्याला अर्थ सांगितला नाही. आजही सांगितलेला नाही. गाडी गेली आणि मी तिथंच बाकड्यावर बसून रडले.

मग माझा प्रबंध झाला. माझ्या परीक्षेची वेळ आली. सर सहज म्हणाले, "वडिलांना आदल्या दिवशी बोलावून घे. मागच्यासारखंच."

"नाही सर," मी म्हणाले. "बाबा परीक्षा ऐकायला येतील. सभागृहात बसतील."

सरांनी चष्मा काढून पुसला. "बरं. मग तारखेचं बघू."

ती तारीख काही लागेना. आज परीक्षक परदेशात, उद्या कागद अपुरे. प्रयोगशाळेत माझ्याशी बोलणंही लोकांनी बंद केलं. गावाकडून बापाचा फोन, "माझ्यापायी सरांना राग आला का गं? मी येतो की मासे घिऊन. दोन घंट्याचं काम हाय. तुझं नको अडू दिऊ."

काळीज फाटलं माझं. सरांच्या त्या वाक्यानंही एवढं फाटलं नव्हतं. माझ्या पदवीपायी हा माणूस पुन्हा तिथं जाऊन बसायला तयार होता, आणि वर चूक स्वतःचीच मानत होता.

"तुम्ही यायचं न्हाई, बाबा," एवढंच बोलले. फोन ठेवला.

काल विद्यापीठात तक्रार दिली. सरांचं नाव घातलं. ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं, कोण कोण हसलं तेही लिहिलं. खाली सही केली.

आज सकाळीच विभागातल्या मॅडमचा फोन आला. "शहाणी ना तू? तक्रार मागे घे. पुढच्याच महिन्यात तारीख लावून देतात."

पदवी मला हवी आहे. फार हवी आहे. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली.

तक्रार मागे घेणार नाही.