लग्नवाले

सगळे त्याला लग्नवाले म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. मी करणार नाही. त्याची बायको आणि मी एकाच ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कामाला. ती काउंटरवर, मी मागे इस्त्रीच्या टेबलापाशी. त्यामुळे हा माणूस मला अस्तरासकट ठाऊक आहे.

तो लग्नाच्या हॉलचा मॅनेजर. खुर्च्या मांडून घेणं, दिवे बघणं एवढंच त्याचं काम. पण जेवणाआधी माईक धरून भाषण ठोकायची खोड त्याने स्वतःहून लावून घेतली होती. "लग्न म्हणजे करार नव्हे, लग्न म्हणजे विश्वास!" असं म्हणून तो इतका वेळ थांबायचा, की मागच्या रांगेतली माणसं संपलं समजून जेवायला उठायची. लग्न कुणाचं आहे याचा त्याला गंधही नसायचा. एकदा नवरदेव समजून त्याने फोटोग्राफरलाच मिठी मारली होती.

घरात हाच शब्द वेगळ्या कामाला यायचा. चहा थंड मिळाला की, "मग लग्न कशाला केलंय?" बायको मोठ्याने हसली की, "लग्न झालेल्या बाईला हे शोभतं?" त्याची धाकटी बहीण नवऱ्याच्या माराला कंटाळून दारात येऊन रडली, तेव्हा "लग्न टिकवावं लागतं बाई," म्हणून याने तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत.

बायको गप्प राहायची. तोंड उघडलं की भाषण ऐकावं लागतं, त्यापेक्षा हे बरं, असं म्हणायची.

एके दुपारी दुकानात एक बाई कोट घेऊन आली. चाळिशीची, नीटनेटकी, शिवणाचे क्लास घेणारी.

"कॉलरवर डाग पडलाय बघा. आमच्या ह्यांना रविवारी घालायचाय."

काउंटरवर लग्नवाल्याची बायकोच होती. कोट पसरला आणि हिचा हात थांबला. राखाडी कोट, दुसरं बटण तपकिरी दोऱ्याने लावलेलं. तो दोरा हिने माझ्याकडूनच नेला होता.

"तुमच्या ह्यांना?" हिने विचारलं.

बाई जराशी लाजली. "म्हणजे, कागदावर अजून नाही. त्यांची पहिली बायको अंथरुणाला खिळलीये हो. ते लग्न नुसतं नावाला उरलंय. मनाने आमचं लग्न कधीच झालंय, असं म्हणतात ते."

हिने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाली, "ती खिळलेली बाई मीच."

शिवणवाली पांढरीफटक पडली. आता रडते की काय असं मला वाटलं. पण तिने एवढंच विचारलं, "भाषण तुम्हालाही ऐकवतात?"

"लग्न झाल्यापासून."

हिने नवऱ्याला फोन लावला. "दुकानात या. तुमचा कोट आलाय."

तो आला. दोघी शेजारीशेजारी बसलेल्या बघून माणसाने निदान पळून जावं! याने घसा साफ केला.

"हे बघा, लग्न या शब्दाचा अर्थ फार व्यापक आहे."

शिवणवाली उठली. "मग राहा त्यात एकटेच. जागा भरपूर आहे." आणि ती गेली. पुन्हा काही ती आमच्या दुकानात आली नाही.

हिने त्याच आठवड्यात दुकानावरची खोली भाड्याने घेतली. रडली नाही असं नाही; इस्त्रीच्या वाफेत डोळे पुसले तर कोण बघतंय? एकदा म्हणाली, "मला त्या बाईचा राग येत नाही गं. मी दिवसभर उभी राहून राबते आणि हा मला अंथरुणावर झोपवून आला, त्याचा येतो."

काही दिवसांनी तो चुरगळलेल्या शर्टात हजर झाला. दुकानात गिऱ्हाइकं होती.

"घरी चल."

"काय काम आहे?"

"काम म्हणजे... माझ्या गोळ्या सापडत नाहीत. गॅस संपलाय." मग हॉलवरचा आवाज लावला. "अगं, आपलं लग्न झालंय!"

"हो, झालं," ती म्हणाली. "जेवण झालं, काम झालं, तसं. झालं म्हणजे संपलं."

रांगेतला एक माणूस फिस्सकन हसला. "अहो, तुमचं झालं असेल तर सरका. मला ब्लँकेट टाकायचंय."

तो सरकला. एवढं मात्र त्याला जमलं.

फारकत मिळायला वर्ष गेलं. कोर्टातसुद्धा तो लग्नाच्या पावित्र्यावर बोलायला उभा राहिला, तेव्हा जजसाहेबांनी त्याला खाली बसवलं. हॉलवरची नोकरी आहे, भाषणही तेच आहे, आणि लोक तसेच मध्येच जेवायला उठतात.

परवा तिने मला वर बोलावलं. भिंतीला निळा रंग लावून घेतलाय. मला काही तो आवडला नाही, भडक वाटला. तसं मी तोंडावर सांगितलं.

"असू दे," ती म्हणाली, "मला आवडतो."