कानसेन आणि चिरलेली नळी

गॅरेजात त्यांना सगळे कानसेन म्हणत. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचे. पण हल्ली कान दगा देऊ लागले होते, आणि ही गोष्ट त्यांनी बायकोपासूनही लपवली होती. तिने "पाणी देऊ का?" विचारलं की ते "पाना? बघतो हं," म्हणत आणि शोधायला लागत. तेवढं सोडलं तर गुपित अगदी सुरक्षित होतं.

त्या सकाळी टॅक्सीवाला पुन्हा दारात हजर. "उस्ताद, नवा सेन्सर बसवलात, तरी इंजिनाचा दिवा पेटलेलाच!"

कानसेनांनी बॉनेट उघडलं. मागच्या वेळी स्कॅनरने धुराच्या नळीतल्या सेन्सरचं नाव घेतलं, आणि त्यांनी तोच बदलून टाकला होता. तो बिचारा नुसता चहाडखोर. धूर हुंगायचा आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचं, हवा जास्त झालीय. कॉम्प्युटर आपला पेट्रोल वाढवत राहतो आणि अगदीच हात टेकले की दिवा लावतो. नाव येतं ते तक्रार करणाऱ्याचं, चोराचं नव्हे, हे कानसेनच आजवर सगळ्यांना शिकवत आले होते. हवा चोरून कुठे शिरते, ते पूर्वी त्यांना फुसफुशीवरून कळायचं. आज त्यांनी वाकून वाकून कान लावला. छे! इंजिन तेवढं घुमत होतं. आता आपलं बिंग फुटणार, या विचाराने त्यांना घाम फुटला.

"अहो," काउंटर सांभाळणारी बायको स्कॅनर घेऊन अगदी समोर येऊन मोठ्याने म्हणाली, "एकेक नळी दाबून बघा. वाढीव पेट्रोलचा आकडा इथे दिसतोय. हवेची चोरवाट बुजली की तो उतरेल."

पहिली दाबली, आकडा ढिम्म. दुसरी, तेच. मागची रबरी नळी चिमटीत धरली मात्र, आकडा धाडकन खाली! नळी उलटी केली तर खालून चांगली बोटभर चीर. कानसेनांनी लहान मुलासारखी टाळी पिटली.

नळी बदलली, दिवा विझला, टॅक्सी गेली. हात पुसत ते ऐटीत म्हणाले, "अजून कान शाबूत आहेत हो आपले!"

"ती फुसफूस मला तिकडे काउंटरवर ऐकू येत होती."

कानसेनांचा चेहरा पडला. "म्हणजे... तुला माहीत होतं?"

"मग स्कॅनर काय मी हौसेने आणला?"

त्यांना एकदम भरून आलं. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले की! म्हटलं, एकदा कान दाखवा. तुम्ही पाना आणून दाखवलात."