अकरावं ठिकाण

नवा डिजिटल फळा आला त्या दिवशी मी त्याच्यावर खडूनं तारीख लिहिली. वर ओल्या फडक्यानं पुसली. वर्ग हसला, मीही हसलो. इतिहासाचा मास्तर, वय पन्नास. हसणं मला जमतं.

पण पुढं शिकलो. म्हसवडजवळच्या आमच्या गावाचा इतिहास त्या फळ्यावर आणायचं काम संस्थेनं मलाच दिलं. नकाशावरच्या ठिकाणाला बोट लावलं की तिथली गोष्ट ऐकू यायची. देऊळ, गढी, बाजारपेठ, अशी दहा ठिकाणं केली. अकरावी आमची वस्ती. वेशीबाहेरची. तिथं माझ्या वडिलांचा आवाज. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन ते परगावी पायी जायचे. ज्या घरी सांगावा द्यायचा, त्या घरचे लोक त्यांच्या ओंजळीत वरनं पाणी ओतायचे. एवढंच. दोन मिनिटं. रेकॉर्डिंग झालं आणि महिन्याभरात वडील गेले.

उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले. गढी त्यांचीच. दहा ठिकाणं कौतुकानं ऐकली. अकराव्याला बोट लावलं, ओंजळीपर्यंत ऐकलं आणि माईक हातात घेतला.

"सर, खडूनं लिवलंत ते माफ. पण हितं सोताचं घर घुसवलंत व्हय? काढा ते. पोरांला अभिमान वाटंल असा इतिहास पायजे."

सभागृह हसलं. मीही हसलो. नंतर भजी खाल्ली, आभार मानले, खुर्च्या उचलल्या. आत काहीच हललं नाही.

दुसऱ्या दिवशी संगणकापुढं बसलो. पुसायचं बटण समोर. त्याआधी एकदा ऐकावं म्हणून लावलं. ओंजळीचं सांगताना वडील हसत होते. ते हसणं मी ओळखलं. काल सभागृहात माझ्या तोंडून निघालं होतं तेच.

बटण दाबलं नाही.

अध्यक्षांनी ऑफिसात बोलावलं. "काढलं का?"

"न्हाई. काढणार बी न्हाई."

"मंग बदली. मेढ्याच्या शाळंत जावं लागंल."

या वेळी मी हसलो नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हात थांबला नाही.

"जाऊ की," ती म्हणाली. "मेढ्यालाबी वेशीभायेर घरं असतीलच. तिथली म्हातारी माणसं जायच्या आत आवाज घ्या."