‘परसों’ म्हणाले म्हणून हैदराबादला

त्या दुपारी आई आणि मी कळमनुरीच्या आमच्या घराच्या पायरीवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होतो. निम्मे दाणे पातेल्यात, निम्मे माझ्या तोंडात. आई रागवायची आणि मग स्वतःच दोन तोंडात टाकायची. सत्तरच्या दशकातली ती हिवाळ्याची सुट्टी. मी नांदेडच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून घरी आले होते.

तेवढ्यात हमीदचाचा आले. ते बांगड्यांचे व्यापारी. माल आणायला हैदराबादला जायचे आणि येताना तिथं दिलेल्या माझ्या मावशीचा निरोप आणायचे.

“बड़ी आपा मिले थे. परसों पेट का आपरेशन हुआ उनका. अब आराम है.”

आईच्या हातातला घाटा हातातच राहिला. चाचा पुढच्या दाराला गेले तशी ती म्हणाली, “परवा पोट फाडलं अन् आज आराम? लपवून राहिले मपल्यापासून.”

बाबा म्हणाले, तार करून विचारू. “तार पोचल तवर बस पोचती,” असं म्हणत आई उठली. मावशी तिची एकुलती थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा आईची वेणी घालण्यापासून सगळं मावशीनंच केलेलं. ती हाय तवर तोंड दिसू दे, एवढंच आई पुटपुटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळची नांदेडची एस.टी. धरली. सोबत दशम्या, शेंगाची चटणी आणि आमटीत घालायच्या येसराचा डबा. पोटाच्या दुखणेकऱ्याला तो तिखट मसाला चालत नाही हे आईला कळत होतं, पण मावशीला येसर आवडतो हे जास्त कळत होतं.

डोंगरकडा गावच्या थांब्यावर एक काकू टोपलीसकट चढल्या आणि आईशेजारी बसल्या.

“कुठं निघाल्या बाई? डोळे सुजून राहिले.”

“हैदराबादला. बहिणीचं पोटाचं आपरेशन झालं परवा.”

“आगं माय! रडता काहून? माह्या जावंचं झालं तसलंच. आता एकटी दोघींचं भांडण करती.”

आई हसली. त्या दिवशीचं तिचं ते पहिलं हसू. उतरताना काकूंनी टोपलीतली चार केळी माझ्या ओटीत टाकली.

नांदेडला हैदराबादची गाडी मिळाली. दोघींचं तिकीट काढून उरलेल्या सुट्ट्या पैशांत वाटेतला चहा आणि तिकडची रिक्षा, सगळं भागलं, इतका स्वस्त प्रवास! तेव्हाच्या खड्ड्यांत मात्र दशमीचा घास तोंडाऐवजी गालाला लागायचा. आज रस्ता चांगला आहे. तुम्ही जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा. दुपारनंतर उजवीकडे ऊन भाजून काढतं. देगलूरला चहा प्या. त्यापुढे पाट्यांवरची अक्षरं गोल व्हायला लागतात. मला गंमत वाटत होती. आई मात्र प्रत्येक थांब्याला कंडक्टरला विचारायची, “आलं का?”

शेवटी तो म्हणाला, “मावशी, शहर हाय ते. पळून नाही जायचं.”

“शहराचं कोण पुसतंय रे लेकरा,” आई म्हणाली.

दिवस मावळताना गौलीगुड्याच्या स्टँडवर उतरलो. एखादं विमान मावेल एवढं अर्धगोल छप्पर! मी मान वर करून बघत राहिले. आईनं ओढत सायकलरिक्षात बसवलं. काचीगुड्याच्या बोळात शिरलो तर मावशी दारात उभी. कडेवर भरलेली घागर, आणि भाजीवाल्याशी कडाक्याचं भांडण.

“आक्का! तू उभी काहून?” आई ओरडली.

“म्हंजे? माह्याच दारात उभी न्हाई राहू?”

“आपरेशन झालं न परवा!”

“परवा? आगं, ते तर परसों झालं. मागल्या उन्हाळ्यात!”

तिथं ‘परसों’ म्हणजे होऊन गेलेली कुठलीही वेळ, हे आम्हाला काय माहीत! शाळेत तर परसों म्हणजे परवा एवढंच घोकलेलं. भाजीवाला, मी, मावशी, सगळे हसलो. आई नाही हसली.

“उन्हाळ्यात झालं अन् मला आता कळतं?”

मावशीनं घागर खाली ठेवली. “मागं जाताना ‘परवा येते’ म्हणून गेली होतीस. तीन वर्सं झाली. तुह्या परवापेक्षा आमचं परसों जवळ हाय.”

मग मात्र दोघी त्या घागरीजवळच एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. त्या रात्री येसराची आमटी झाली. मावशी दोनदा वाढून जेवली.

पुढचे दिवस सुखाचे. चहात बुडवून उस्मानिया बिस्किटं, आंबट डाळ आणि चारमिनारजवळचा बांगड्यांचा बाजार. मावशीनं लाखेच्या चार बांगड्या घेतल्या. “दोन तुह्या, दोन माह्या. माह्या बी तूच ने. घालायला मी तिकडं येईन.” आणि खरंच यायची. कळमनुरीत उतरली की आधी बांगड्या मागायची, निघताना काढून आईच्या हातात द्यायची. आईही मग दर हिवाळ्यात हैदराबादची गाडी धरायला लागली.

चारमिनार मला आता पुसट आठवतो. घागर खाली ठेवल्याचा आवाज मात्र कालचा वाटतो.

दोघी आता नाहीत. चारही बांगड्या माझ्या कपाटात आहेत. माझी लेक राधा हे वाचतेच, म्हणून इथंच लिहून ठेवते. राधा, मावशीच्या दोन तू घे. आईच्या दोन मावशीच्या नातीला, काचीगुड्याच्या नलूला. येसराचा पितळी डबाही तिलाच, पण भरून. पोस्टानं काही पाठवायचं नाही. बसनं जाऊन हातात द्यायचं. आणि कधी येतेस असं नलूनं विचारलं तर ‘परवा’ म्हणू नकोस. वार सांग.