गुन्ह्याचा रकाना

हैदराबाद राज्याची वाटणी झाली त्या वर्षी मी रोज कॉलेज सुटल्यावर बरकतपुऱ्यातल्या एका धर्मादाय संस्थेत अर्ज लिहून देई. सुटून आलेल्या कैद्यांना संस्था मदत म्हणून शिलाई मशीन देई.

तुरुंगात शिवण शिकलेला एक उंच माणूस आला. बसा म्हणेपर्यंत बसलाच नाही.

“गुन्हा काय लिहू, मामा?”

“खून.”

मला लिहवेना. मी ‘मारामारी’ लिहून वाचून दाखवले.

“खूनच लिवा, साब. संस्थेला नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणू द्या. दुकान लागल्यावर मशीन उचलून नेऊ नका.”

मी खोडून तसे लिहिले. मशीन मिळाले.

गौलीगुड्यातल्या त्याच्या दुकानात मी सदरा शिवून घ्यायला गेलो. खांदे, छाती मोजून झाल्यावर त्याचे हात थांबले.

“गळ्याचं माप घेऊ का, साब?”

मी हनुवटी वर केली.