मिटलेला वस्तरा

नकली डोळा दुखतो, हे लोकांना काही केल्या पटत नाही. धाकट्याचा डावा डोळा अपघातात गेला, खोबणीत गोळा बसवला, त्यावर नकली डोळ्याची वाटी आली. ती इतकी हुबेहूब होती की सलूनमधली गिऱ्हाइकं खरा डोळा कोणता यावर वाद घालत. पण वाटीमागून मधूनच अशी कळ निघे की थेट मस्तकात जाई. "नकली डोळ्याला कसलं आलंय दुखणं?" लोक म्हणत. धाकटाही हसून वेळ मारून नेई, आणि इथेच त्याचं चुकलं.

सलून दादाचं, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाचं. तिथे एक नियम होता: वस्तरा उघडा असताना बोलायचं नाही; बोलायचं तर आधी तो मिटायचा. एकदा एका निवृत्त मास्तरांची दाढी अर्ध्यावर असताना धाकट्याला कळ आली. त्याने दात आवळले, चकार शब्द काढला नाही, हात तसाच चालू ठेवला. मास्तरांच्या कानाची पाळी चिरली. मास्तर भला माणूस, पाळीला तुरटी लावून निघून गेले. दादाने मात्र वस्तरा काढून घेतला.

मग काय, केस झाडा आणि डोकी चोळा. धाकट्याचा जीव नुसता जळायचा.

शेवटी बायकोने त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "दुखणं खरं आहे," बाई म्हणाल्या. "पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. वाटीची कड घासून घेऊ, थेंब नेमाने घाला. आणि कळ आली की सोसत बसू नका. हात धुवा, वाटी काढा, विसावा द्या." आपलं दुखणं खरं मानणारं कुणी भेटलं, या आनंदात त्याला परतीच्या वाटेवर रडू आलं.

"आता दादांनाही सांगा," बायको म्हणाली. "इथे कुणी मनकवडं नाहीये."

आधी त्याने सराव केला. फुग्याला फेस लावायचा आणि घरातल्या जुन्या वस्तऱ्याने अलगद उतरवायचा. एका डोळ्याला अंतर कळत नाही, म्हणून आधी करंगळी टेकवायची, मग पातं. फुगे फटाफट फुटले, बायको कानात कापूस घालून स्वयंपाक करू लागली. मग एकेक फुगा वाचू लागला.

"दादा, वस्तरा दे," एका सकाळी तो म्हणाला.

सलून भरलेलं होतं, बाकावर मास्तरही होते. दादा स्वतःच खुर्चीत बसला आणि त्याने मान मागे टाकली.

अर्धी दाढी झाली आणि कळ आली. धाकट्याने वस्तरा उचलला, खटकन मिटला.

"दादा, दुखतंय. थांबावं लागेल."

त्याने हात धुतले, वाटी काढून डबीत ठेवली आणि स्टुलावर डोळे मिटून बसला. अर्ध्या गालावर फेस वाळवत दादाही बसून राहिला. बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं.

"घाई असेल त्याने जावं," दादा म्हणाला.

कळ ओसरली. धाकट्याने पुन्हा फेस लावला, करंगळी टेकवली आणि गळ्यावरून वस्तरा सफाईने फिरवत नेला. दादाने उठून आरशात पाहिलं, हनुवटीखालून उलटा हात फिरवला. कुठेही एक खुंट हाताला लागला नाही. त्याने वस्तरा धाकट्याच्याच हातात राहू दिला आणि बाकाकडे वळला.

"या मास्तर. तुमची दाढी धाकटा करेल."

मास्तरांनी कानाची पाळी एकदा चाचपली आणि खुर्चीत बसून मान मागे टाकली.